मीरासाब पीत नव्हता

मीरासाबला खोली मिळाली नाही. असो; हे कुणी सांगितलंच नाही असं धरून चालू. खोली अजून रिकामी आहे, आणि बँडमध्ये क्लॅरनेट वाजवणारा मीरासाब धुतलेला सदरा घालून गल्लीच्या तोंडाशी चौकशीला येणाऱ्या सरकारी साहेबाची वाट बघतोय.

खोली सरकारी. दारू सोडलेल्या आईबापांनी तिथं पोरांसह राहायचं, भाडं सरकार भरणार. मीरासाबला ह्यात पहिल्यापासून काळंबेरं दिसत होतं. पिताना धरून नेतात, ते समजतं. पण न पिण्याबद्दल घर? तरी त्यानं अर्ज केला. बायको गेल्यापासून पोरगी नजीरा गारगोटीला मावशीकडं होती, आणि मावशीनं बजावलं होतं, "गुत्त्याशेजारची खोली सोड, मग पोरगी ने."

गणपतराव साहेब जीपमधून उतरले तेच संशय घेऊन. फुकट खोलीसाठी हल्ली कुणीही स्वतःला दारुडा म्हणवून घेत होतं. म्हणून चौकशी शेजाऱ्यांकडं.

"हा पीत होता?" त्यांनी शालूबाईला विचारलं.

शालूबाईनं जीप बघितली, खाकी पँट बघितली. कडक दारूबंदीत असल्याच जीपनं गल्लीतली माणसं उचलली होती. तेव्हापासून खाकीला गल्लीचं उत्तर ठरलेलं.

"मीरासाब? काय बोलताय पावणं! त्येला सोडावॉटरबी सोसत न्हाय."

"शालाक्का, खरं सांग की!" मीरासाब कळवळला. "तुझ्या दारात आडवा पडत न्हवतो व्हय मी?"

"सोडावॉटरनंच, सायेब," शालूबाई म्हणाली आणि मीरासाबला हळूच डोळा मारला.

साहेब गुत्त्यावर गेले. गुत्तेवाल्या आकारामनं तर गुत्ताच नाकारला. "हितं आमचं भजन असतंय."

आतून कुणीतरी बेसूर बोंबललं.

"आलाप घ्यालाय," आकाराम म्हणाला.

साहेबांनी तिथंच शेरा मारला: अर्जदार कधीच पीत नव्हता, सबब त्याने दारू सोडल्याचा प्रश्न उद्भवत नाही.

जीप गेल्यावर शालूबाई पदरानं घाम पुसत म्हणाली, "वाचलास बघ!"

आकारामनं तर खुशीत ग्लास पुढं केला. मीरासाबनं तो त्याच्याच भजनी मंडळाला परत दिला, पोस्टाच्या पायरीवर जाऊन बसला आणि लिहू लागला:

"सबब विनंती की, शासनाने सदर गल्लीस अर्जदाराची यथायोग्य बदनामी करण्याचा लेखी हुकूम द्यावा, खरे बोलणाऱ्यास पोलीस धरणार नाहीत अशी हमी द्यावी, आणि निकाल लागेपर्यंत अर्जदाराची मुलगी नजीरा हिचे लहानपण आहे तिथेच थांबवून ठेवण्यात यावे."