गफ्फारच्या हाताचा जामीन

सन छत्तीसची गोष्ट. धाड गावच्या बाजारातून परतताना गफ्फार पिंजारी बैलगाडीखाली आला आणि त्याचा उजवा हात कोपराखाली मोडला. हाड बाहेर दिसत होतं. मी, उकंडराव पाटील, त्याला त्याच गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. एका गल्लीत वाढलो होतो आम्ही.

नागपूरहून बदलून आलेल्या डॉक्टरांनी हात चिरून हाड बसवलं, वर प्लॅस्टर चढवलं. मग माझ्यावरच तडकले, "तुमचे लोक घरी गेले की आमची पट्टी सोडतात आणि हाडवैद्याकडून बांबूच्या कामट्या बांधून घेतात. मागच्या साली असाच एक मेला. याचा जामीन कोण?"

"मी," म्हणालो. पाटीलकी अंगात मुरली की असले शब्द आपोआप तोंडातून निघतात.

"मग प्लॅस्टरला कोणाला हात लावू देऊ नका. आणि दुखणं वाढत गेलं, बोटं हलेनाशी झाली, तर तडक इकडे आणा."

दोन गोष्टी सांगितल्या. मी पहिलीचीच खूणगाठ बांधली.

दुसऱ्या दिवशी त्याला गावी आणलं. संध्याकाळपासून गफ्फार ओरडू लागला. विंचू चावला तरी बिडी ओढत बसणारा माणूस हा! बोटं टरटरून सुजली होती. कोणी ती सरळ करायला गेलं की किंचाळायचा. त्याची बायको नूरजहां विळा घेऊन आली.

"भाऊ, मी कापतो हे पलस्तर. माणूस मरून राह्यला माहा."

"खबरदार! म्या डॉक्टरले जबान देली. हाड मोडलं, दुखीनच."

"मंग दवाखान्यात तरी न्या."

"अन् गाडीच्या हिसक्यानं हाड सरकलं तं?"

काय पण अक्कल माझी! तिच्या हातून विळा हिसकावून घेतला आणि दोन दिवस त्याच्या उशाशी पहारा केला. मायेपोटी बसलो होतो, हे सांगायचीही आता लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओरडणं थांबलं.

"दुखत नाई काय बे?"

"नाई पाटील. काईच वाटत नाई."

दुखणं थांबलं म्हणजे माणूस सुधारला, एवढंच आम्हाला ठाऊक. मी गूळ मागवून गल्लीभर वाटला. नूरजहांने मात्र तोंडात घातला नाही. तिने माझा हात धरून त्याच्या बोटांवर ठेवला. बोटं गार पडली होती. तेव्हा कुठे मी बैल जुंपले.

डॉक्टरांनी प्लॅस्टर कापलं, हात पुन्हा चिरला. आतलं मांस मेलं होतं.

"सूज आतल्या आत कोंडली. रक्त फिरायला जागाच उरली नाही," ते म्हणाले. "पहिल्याच संध्याकाळी आणलं असतं तर वाचवता आला असता. आता कोपरापासून काढावा लागेल."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पाटलाले काई बोलू नका, साहेब," गफ्फार पडल्या पडल्या म्हणाला. "त्यायनं जबान पाळली."

कापूस पिंजायला दोन्ही हात लागतात, हे तिथं कोणीच बोललं नाही. त्याला आत नेलं. बाहेर मी नूरजहांपुढे हात जोडले.

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "एक दिवस जरी तुमी तुमच्या घरी राह्यले असते ना भाऊ, तं म्या ते कापलं असतं."