बाबा बोलतातच किती

“हा घ्या. वहीएवढा, हलका आणि खिशाला परवडणारा,” दुकानदार म्हणाला. “बॅटरी मात्र जेमतेम तीन तास.”

“पुष्कळ झाली,” मी म्हणाले.

“पुष्कळ कशी?” दादा उखडला. “अगं, तो बाबांचा आवाज आहे!”

घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला. तेव्हापासून ते टाइप करतात आणि लॅपटॉप बोलतो. आईला दिसत नाही, म्हणून चिठ्ठ्यांवर भागत नाही. आता जुन्या लॅपटॉपची बॅटरी मान टाकू लागली होती.

दादाला दिवसभराची बॅटरी हवी होती. तसा एक स्वस्तात होता, पण भलताच जड. बाबांचे हात थरथरतात, तो उचलणार कोण? दुसरा हलका होता, पण त्याची किंमत ऐकूनच मी गार पडले. भर दुकानात आमची चांगलीच जुंपली. बाबा मध्ये स्टुलावर गप्प. जुना लॅपटॉप बदल्यात द्यायचा म्हणून दुकानदाराने तो तपासायला आत पाठवला होता, आणि आता बाबांना बोलायला काहीच उरलेलं नाही, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

“रोजचा वापर किती?” दुकानदाराने विचारलं.

“तासभर,” मी म्हणाले. “बाबा बोलतातच किती! घुमे झालेत नुसते. काही विचारलं की हो नाहीतर नाही.”

बाबांनी काउंटरवर मूठ आपटली. सगळं दुकान वळून बघू लागलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, ओठ हलत होते, शब्द नव्हता. दादाने पाणी पुढे केलं, ते त्यांनी ढकललं. मला दरदरून घाम फुटला.

“बाबा, छातीत दुखतंय का?”

त्यांनी जोरात नकाराची मान हलवली आणि समोरचा लहान लॅपटॉप ओढून घेतला. दुकानदाराने त्यात आमचं बोलणारं सॉफ्टवेअर घालून दाखवलं होतं. बाबांचं थरथरतं बोट एकेक अक्षर शोधत होतं. माझ्याने बघवेना.

“बॅटरी पुरवून वापरतो,” लॅपटॉप बोलला. “तुझी आई रात्री दचकून उठते. तेव्हा बोलायला उरली पाहिजे.”

“मग चार्जिंगला लावून ठेवा की खोलीत!” मी चिडूनच म्हणाले.

“वायरीत अडकून पडली होती ती. विसरलीस?”

विसरले होते.

बोट पुन्हा चालू लागलं. “रोज तुला रागवावंसं वाटायचं. परवडत नव्हतं.”

स्वतःचीच इतकी लाज वाटली, की दादाकडे बघायची हिंमत होईना. महागाचा तो हलका लॅपटॉप मी पुढे ओढला. “हा द्या. सॉफ्टवेअर आत्ताच घालून द्या.”

दुकानदार सॉफ्टवेअर घालून बिल करायला बसला. बाबांनी नवा लॅपटॉप मांडीवर घेतला आणि मला रागवायला सुरुवात केली: मोठ्या भावाशी बोलायची ही पद्धत का, आईजवळ शेवटचं निवांत कधी बसलीस, फोन का उचलत नाहीस. चार लोक ऐकत होते. मी डोळे पुसत हूं की चूं न करता उभी राहिले, आणि बाबा थांबू नयेत असं वाटत राहिलं.