कूलरले कोल्डर काहून नाही म्हणत?

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे. पत्र्याचे अंग, मधोमध पंखा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या आणि पोटात पाण्याची टाकी, एवढाच माझा संसार. पण नागपूरच्या मे महिन्यात भल्याभल्यांना माझ्यापुढे येऊन बसावे लागते, हे मी जरा ऐटीतच सांगतो.

लकडगंजमधल्या एका पत्र्याच्या दुकानात ठोकाठोकी करून मला घडवले. शरच्चंद्र सरांनी तेव्हा इंग्रजीचा क्लास नव्यानेच काढला होता. त्यांनी मला रिक्षात घालून आणले आणि वर्गाच्या खिडकीत बसवले. काय ते दिवस होते! माझ्यासमोरचा बाक मिळावा म्हणून मुले वेळेआधी येऊन धक्काबुक्की करत. एका मुलाची आई तर सरांना तोंडावर म्हणाली, "सर, तुमचं इंग्रजी मले काही समजत नाही, पण कूलर मस्त आहे. पोराचं नाव लिहून घ्या." सर दिवसभर फुरंगटून बसले. नाव मात्र त्यांनी लिहून घेतले.

मग वर्गात एसी आला. खिडकीला काच बसली आणि माझी रवानगी बाहेरच्या गॅलरीत झाली, पालकांच्या बाकाशेजारी. कोणी माझ्या डोक्यावर हेल्मेट ठेवी, कोणी डबा. ताट्या काळ्या पडल्या, पत्र्याला गंज चढला. उन्हाळी बॅच संपली की याला भंगारात काढू, असे सर एकदा फोनवर म्हणाले. ते ऐकून माझे अवसानच गळाले.

त्याच बॅचमध्ये, ऐन दुपारी, मोनाली आली. मौद्याहून बसने आलेली, घामाघूम झालेली. क्लासला शिक्षिका हवी होती आणि आज तिला मुलांसमोर एक धडा शिकवून दाखवायचा होता. तिने कोपऱ्यातली बादली उचलली, माझी टाकी भरली आणि बटण दाबले. मी खडखडत सुरू झालो. मग तिने आईला फोन लावला.

"आई, याच्याआधी दोन जागी माह्या बोलण्याले हसले वं लोक. आजही नाही झालं तं बापूजीले सांग, बसीन मी काकाच्या दुकानात. पुन्हा कुठं विचारायले जाणार नाही."

मित्रांनो, त्या क्षणापासून मी तिच्या बाजूचा झालो.

तिला धडा मिळाला होता हॉट, वॉर्म, कूल आणि कोल्ड या चार शब्दांतल्या फरकाचा. खिडकीच्या काचेला फट होती, तिथून मला सगळे दिसत आणि ऐकू येत होते. आत एसी इतका जोरात होता की मुले खांदे आखडून बसली होती. वेदिका नावाच्या मुलीने तर भर मे महिन्यात स्वेटर घातला होता. शेवटच्या बाकावर सर हाताची घडी घालून बसले होते. मोनाली घोटून घोटून पाठ केलेले बोलत होती.

"कोल्ड म्हणजे थंड. कूल म्हणजे… कूल म्हणजेसुद्धा थंडच."

तेवढ्यात आयुष उभा राहिला. "मॅडम, दोन्ही थंडच, तं मग कूलरले कोल्डर काहून नाही म्हणत?"

वर्ग खो खो हसला. "आयुष, खाली बस!" सर गरजले. आणि मी? माझा पंखा थांबायचाच बाकी होता! इतकी वर्षे हे नाव मिरवले, पण हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता.

मोनालीची नजर खिडकीतून माझ्यावर पडली. आता संपले सगळे, असे मला वाटले. पण तिचा चेहरा एकाएकी खुलला.

"बसू नको गा, आयुष! उठा सगळे! चला बाहेर, त्यालेच विचारू!"

धडधड करत अख्खा वर्ग गॅलरीत! आधी उन्हाची झळ तोंडावर आली.

"हे काय?"

"हॉट!" मुले अशी ओरडली की खालचे दुकानदार वर बघू लागले.

"आता याच्यासमोर या. डोळे मिटा. कसं वाटून राहिलं?"

मी होता नव्हता तेवढा जोर लावला. मुलांचे केस उडू लागले.

"मस्त वाटून राहिलं, मॅडम!"

"आणि आतमध्ये?"

"अंगावर काटा येते!"

"तेच तं! काटा येते ते कोल्ड. आणि इथून उठूच नये वाटते, तो गारवा म्हणजे कूल!"

"मग कोल्ड्रिंक?" आयुष कुठला सोडतो!

"पहिल्या घोटाले दात झिणझिणतात का नाही?"

"झिणझिणतात!"

आता उरला वॉर्म. नागपूरच्या मे महिन्यात वॉर्म आणायचा कुठून? तेवढ्यात वेदिका स्वेटर ओढत ओरडली, "मॅडम, हा! आत बसल्यावर हा वॉर्म वाटते!" मोनालीने आनंदाने टाळीच वाजवली.

तेव्हाच दारात सर दिसले. हे सारे आपण मौद्याच्या बोलीत बोलून गेलो, हे मोनालीच्या लक्षात आले आणि तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, धडा वर्गात घ्यायचा असतो," सर म्हणाले.

"चुकलं, सर."

सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. कपाळ पुसून त्यांनी मुलांकडे पाहिले. "माठातलं पाणी?"

"कूल!"

"बर्फाचा गोळा?"

"कोल्ड!"

"आणि टेबलावर ठेवलेला माझा चहा?"

"वॉर्म!" अर्धा वर्ग ओरडला. वेदिका म्हणाली, "नाही सर, एसीत आता कोल्ड झाला असंल!"

सर इतके हसले की चष्मा काढावा लागला. मग मोनालीकडे वळून म्हणाले, "उद्यापासून या. आणि आत्ता बोललात ना, तसंच बोला यांच्याशी."

मुलांनी जो गिल्ला केला तो काय सांगू! मोनालीने लगेच फोन लावला. "आई, झालं वं! मी मॅडम झाली! काय? ऐकू नाही येत? अवं, कूलर चालू आहे!" माझे बटण बंद करायचे मात्र तिच्या मनातही आले नाही. गॅलरीच्या टोकाला पळत जाऊन तिने तेच पुन्हा ओरडून सांगितले.

आता माझ्या ताट्या नव्या आहेत आणि भंगाराचे नाव कोणी काढत नाही. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा म्हातारा असेल तर त्याच्या ताट्या वेळेवर बदला, टाकीत पाणी भरा. आणि कधी एखादी नवी मॅडम घाबरत घाबरत तुमच्यासमोर उभी राहिली, तर हसू नका. हात वर करून तिला एक प्रश्न विचारा.