सेटवाल्याचं कपाट

मी ‘सेट’ बोलतोय. जन्म परक्या भाषेतला, पण वाढलो तुमच्याच जिभेवर. कपबशा मांडा, मी आहे. टीव्ही बिघडला, मी आहे. केस बसवा, गजर लावा, जिममध्ये घाम गाळा, हाक मलाच. मुलगा नोकरीला लागला तरी ‘सेट झाला एकदाचा’. अहो, एवढासा जीव मी, किती राबवाल?

तक्रार नाही, बरं का. पण इतक्या जणांच्या तोंडी राहून माझा जीव जडला तो एका सुतारावर.

हा सुतार नाटकाच्या थिएटरात कामाला होता. त्याच्या लेखी माझा अर्थ एकच: फळ्यांचं आणि कापडाचं घर. दुपारी उभं करायचं, प्रयोग संपला की उतरवायचं. हयातभर त्याने दिवाणखाने बांधले, राजवाडे बांधले. त्यातला एकही जागेवर राहिला नाही, आणि ते त्याला आतून खात होतं.

लेकीचं लग्न झालं, तिने नवं घर मांडलं. सुताराने जाहीर केलं, कपाट मी करणार. आपल्या हातचं काहीतरी एका जागी राहावं, एवढीच त्याची इच्छा होती.

रंगमंचामागे बसून त्याने ते केलं. चार खण, पितळी मुठी, सुरेख पॉलिश. लेकीच्या घरी भिंतीला लावलं तेव्हा सगळे बघत राहिले. तिने कौतुकाने वरचा खण ओढला. हलेना. दुसराही हलेना. मग सुताराच्या लक्षात आलं की खण नव्हतेच, नुसत्या मुठी ठोकलेल्या फळ्या होत्या. प्रेक्षकांना दिसते ती पुढची बाजू, तेवढीच त्याच्या हातांना सवयीची.

बायको म्हणाली, “अहो, संसार करायचाय तिला, प्रयोग नाही.”

जावई हसू दाबत खिडकीबाहेर बघू लागला. सुताराचा चेहरा पडला. त्याने पेचकस काढला आणि कपाट सुटं करायला बसला.

लेकीने त्याचा हात धरला. “बाबा, हे उतरवायचं नाही. खण सवडीने करा.”

मग तो सुट्टीच्या दिवशी येऊ लागला. एकेक करत तीन खण झाले, छान सरकू लागले. चौथ्याला हात घालणार, तर लेक म्हणाली, राहू दे तसाच.

आज सुतार नाही. कपाट आहे. खालचा खण उघडत का नाही, असं पाहुण्यांनी विचारलं की ती म्हणते, “तो बाबांचा.”

शब्दकोशात माझ्यासाठी पानंच्या पानं खर्ची पडलीत म्हणे. मला मात्र त्या कपाटापाशीच बरं वाटतं. तुम्हीही मला खुशाल राबवा; फक्त कुणी मनापासून उभं केलेलं उतरवायची घाई करू नका.