गोडाची बरणी

मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे. पोट पांढरं, खांदे तपकिरी, काठाचा एक टवका उडालेला. मित्रांनो, आता बोलायचाही शीण येतो. पण तुम्ही विचारलंत, म्हणून सांगते.

नव्वद सालच्या आसपास रतनबाईंनी मला दौंडच्या बाजारात घेतलं आणि एस.टी.त मांडीवर धरून वडगाव रासाईला आणलं. दर उन्हाळ्यात बांधावरच्या कैऱ्या उतरल्या, की त्या अभंग गुणगुणत गुळांबा ढवळायच्या. गार झाला की तो माझ्यात भरायचा, तोंडाला फडकं बांधायचं. पहिली वाटी वैशाखातल्या सप्ताहाच्या कीर्तनकार बुवांची. तोवर घरात कुणी बोट लावायचं नाही.

मग रतनबाईंची बोटं आखडली. सून प्रतिभा कारेगावच्या कंपनीत जायची. एका सुट्टीला तिने घाईघाईत कैरीचं लोणचं घातलं आणि भरलं माझ्यात. आतून पोळले मी.

“अगं, गोडाची बरणी हाय ती.”

“आत्या, बरणीला काय कळतंय गोड आन् तिखट? धुऊन देते की.”

“धू. वास जातोय का बघ.”

प्रतिभाने लोणचं पातेल्यात काढलं, मला राखेने घासलं, उन्हात ठेवलं. हिंग-मोहरीचा वास हटेना. डब्यात गुळांबा भरणं रतनबाईंना पटेना, म्हणून त्या साली तो झालाच नाही. लोणचं पुन्हा माझ्यातच आलं, आणि सासू-सून बोलेनाशा झाल्या.

काल्याच्या दिवशी रिकाम्या हाताने देवळात कसं जायचं, म्हणून रतनबाई उंबऱ्यातच बसल्या. बुवा वाटेत थांबले.

“औंदा वाटी न्हाई, बुवा. बरणी बाटली माझी.”

“बरणीची बाटली कवा झाली, रतनबाई?” बुवा हसले. “काय हाय तिच्यात?”

“लोणचं.”

“मग आणा की. काल्यात दही-लाह्यांबरोबर लोणचं लागतंच. देवाला चालतंय, तुम्हाला का चालंना?”

प्रतिभाने मला कडेवर घेतलं, सासूबाईंना हात दिला. कीर्तन झाल्यावर रतनबाईंनी काल्याचा घास तोंडात घातला, बराच वेळ घोळवला.

“मीठ कमी पडलंय,” त्या सुनेला म्हणाल्या. “पुढल्या साली गोडाला दुसरी बरणी आण. पाक मी बसून दावते.”

ती नवी बरणी आता फळीवर माझ्या शेजारी असते. मी तिखटाचीच राहिले. थकलेय. मित्रांनो, विनवणी एवढीच, की घरातली वस्तू उचलण्याआधी ती कशाची आहे, हे घरच्यांना विचारा. आणि माझ्यात ओला चमचा तेवढा घालू नका. नासणं आता सोसवत नाही.