अकरा पिराक्का आणि एक घसरगाडी

मी घसरगाडी बोलतेय. मला चाकं नाहीत, घोडा नाही, इंजिन तर नाहीच नाही. दोन लांब पोलादी पट्ट्या, त्यांच्यावर पुढच्या अंगाला बर्चच्या लाकडाची एक छोटी खुर्ची आणि खुर्चीच्या पाठीला धरायला एक आडवा दांडा, एवढाच माझा संसार. एकाने पुढे बसायचं. दुसऱ्याने मागे एक पाय पट्टीवर ठेवून दुसऱ्या पायाने बर्फाला लाथा मारत राहायचं. अशी मी आयुष्यभर लाथांवर जगले, पण त्यातली एकही मला लागलेली नाही.

फिनलंडमध्ये हामे भागातल्या एका तळ्याकाठी लोहाराने मला घडवलं. माझी पहिली मालकीण सान्नी, गावची सुईण. अंगाने भरलेली, जिभेने फटकळ. तिची पिशवी खुर्चीत आणि ती मागे, अशा आम्ही घरोघर जायचो. अर्धं गाव आम्ही दोघींनीच जन्माला घातलं म्हणायला हरकत नाही. कुणाच्या अंगणात मला उभं करताना ती माझ्या पट्ट्यांखाली दोन ढलप्या सारायची, म्हणजे मी बर्फाला चिकटून बसणार नाही. एवढी काळजी तिने स्वतःच्या गुडघ्यांचीही घेतली नाही.

एका फेब्रुवारीत सान्नीचा भाचा ओइवा लग्न करून बायकोला घेऊन आला. तळ्यापलीकडच्या टोकाला सान्नीची एक लाकडी झोपडी होती. एक खोली, एक चूल, शेजारी सौना, म्हणजे वाफेने अंग शेकायची खोली. मधुचंद्रासाठी ती आठवडाभर त्यांना दिली आणि सामान न्यायला मला दिलं. जाताना सान्नी नव्या सुनेला म्हणाली की पोरगा चांगला आहे, फक्त त्याच्याकडून उत्तराची घाई करू नकोस.

सून म्हणजे आयला. ती पूर्वेच्या सरहद्दीवरच्या कारेलियाची. तिचं गाव युद्धात सरहद्दीपलीकडे गेलं, घर गेलं, गाई गेल्या. बोलणं मात्र तिने जसंच्या तसं बरोबर आणलं होतं. आणि ओइवा अस्सल हामेचा. आमच्याकडे दोन शेजारी सकाळी भेटले तर नमस्काराचं उत्तर जेवणापर्यंत मिळालं तरी कुणाला वावगं वाटत नाही. ही दोघं नाचाच्या मैदानात भेटली. ती बोलत राहिली, तो ऐकत राहिला, आणि तिला वाटलं, इतकं मन लावून ऐकणारा माणूस दुसरा मिळायचा नाही.

पहिल्या दिवशी लाकडांच्या घोडागाड्यांनी चेपून गुळगुळीत केलेल्या वाटेने आम्ही गोठलेलं तळं ओलांडलं. आयला खुर्चीत, ओइवा मागे. तिने वाटेत आपल्या तीन मावश्या, एक लंगडी गाय आणि शाळेतल्या बाई एवढ्यांची हकिगत सांगून संपवली. तो दोनदा बोलला. एकदा, ‘‘थंडी वाजतेय?’’ आणि एकदा, ‘‘पोचलो.’’

मी पडवीत उभी असायची, आणि झोपडीचं दार पातळ होतं. त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं, म्हणजे आयलाचं. सौना तापली, दोघं लालबुंद होऊन बाहेर आली, बर्फात लोळली, ती खिदळली. आता हा खुलेल, असं तिला वाटलं. तो गाढ झोपला. दुसऱ्या दिवशी तो सकाळपासून लाकडं फोडत बसला. तिसऱ्या दिवशीही तेच. झोपडीत आठ दिवसांचा मुक्काम आणि पडवीत पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुरतील एवढी लाकडं. मला उभं राहायला जागा उरेना.

चौथ्या दिवशी, शनिवारी, आयलाने पिराक्का केल्या. काळ्या पिठाची पारी कागदासारखी पातळ लाटायची, आत दुधात शिजवलेला भात भरायचा, काठाला बोटाने चुण्या घालायच्या, भाजायच्या, आणि वर उकडलेलं अंडं लोण्यात कुस्करून लावायचं. तिच्या आईचा हात होता तो. गेलेल्या घरातलं जे काही उरलं होतं, ते त्या चुण्यांमध्ये होतं. तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि समोर बसली.

ओइवाने अकरा खाल्ल्या. मग उठला, टोपी घातली आणि लाकडं फोडायला गेला.

आयला पडवीत आली आणि माझ्या खुर्चीवर बसून रडली. माणसं एकटी असली की वस्तूंशी बोलतात, हे मी सुईणीच्या घरी पुष्कळ पाहिलंय. ती मला म्हणाली, ‘‘अकरा खाल्ल्या गं. अकरा. आणि तोंडातून एक शब्द नाही. आमच्याकडे कुत्र्याला हाड टाकलं तरी ते शेपूट हलवतं.’’

डोळे पुसून ती आत गेली, पेटी भरली, आणि ओइवाला जाऊन म्हणाली की मला आईकडे जायचंय, दोनची बस गाठायची आहे. तिला वाटलं, हा विचारेल, का? निदान कुऱ्हाड तरी खाली ठेवेल.

कुऱ्हाड त्याने ठेवली. पेटी उचलली, मला बाहेर काढलं आणि म्हणाला, ‘‘सोडतो.’’

हे असं आमच्या हामेतलाच माणूस करू जाणे. माणसाला जायचं असेल तर त्याला अडवू नये, कारण विचारून अवघडवू नये, सुखरूप पोचवावं, हीच आमच्याकडे माया. पण आयलाचा चेहरा पांढराफटक पडला. हा मला घालवायलाच टपलाय, असं तिला वाटलं, आणि तिच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं. चार दिवसांचं लग्न माझ्याच पट्ट्यांवरून मोडायला निघालं होतं. ती पेटी मांडीवर घेऊन बसली. त्याने लाथ मारली. आम्ही निघालो.

अर्ध्या तळ्यापर्यंत नुसता पट्ट्यांचा आवाज. मग मागून ओइवा म्हणाला, ‘‘इथे बर्फ दीड हात जाड आहे.’’

आयलाने पेटी घट्ट धरली.

बरंच अंतर गेल्यावर तो म्हणाला, ‘‘पोट सातवीलाच भरलं होतं.’’

तिची पाठ ताठ झाली, हे मला खुर्चीत कळलं. तिच्या जिभेवर दहा प्रश्न आले असणार. पण ती चतुर होती. समोर बसून चार दिवस ज्याच्या तोंडाकडे बघत राहिली तो मुका, आणि आता पाठ दिसल्यावर त्याला कंठ फुटतोय, हे तिच्या लक्षात आलं. वळले तर हा पुन्हा मिटेल. तिने हातमोजा दातांत धरला आणि समोर बघत राहिली. गप्प बसण्याची तिची आयुष्यातली ती पहिलीच खेप असावी.

‘‘आमच्याकडे चांगलं झालंय असं म्हणत नाहीत,’’ तो म्हणाला. एक लाथ. ‘‘आणखी एक घेतात.’’ पुन्हा लाथ. ‘‘तू बघतच होतीस. म्हणून मी घेत राहिलो. बारावी घेतली असती तर फुटलो असतो.’’

पेटी तिच्या मांडीवर हलायला लागली. ती हसतेय की रडतेय ते मला कळेना.

‘‘लाकडं फोडताना रोज ठरवत होतो काय बोलायचं ते. आत आलो की तू आधीच बोलत असायचीस, आणि छान बोलायचीस.’’ त्याला धाप लागली होती, पण तो थांबला नाही. ‘‘मला शांतता आवडते असं सगळ्यांना वाटतं. नाही आवडत गं. मला बोलता येत नाही, एवढंच. तू गेलीस की घर परत होतं तसं होईल.’’

एवढ्यात काठ आला. सान्नीचं घर, त्यापुढे बसचा थांबा. बस उभीच होती. ओइवाने मला थांबवलं आणि पेटी उचलायला हात पुढे केला. शब्दाचा पक्का माणूस, सोडतो म्हणाला म्हणजे सोडणारच.

आयला उठली नाही. समोर बघतच म्हणाली, ‘‘वळव गाडी.’’

‘‘बस जाईल.’’

‘‘जाऊ दे. वळव, आणि बोल.’’

त्याने मला वळवलं. मग म्हणाला, ‘‘शब्द संपले.’’

‘‘मग तेच पुन्हा सांग.’’

त्या दुपारी आम्ही तळ्याला तीन फेऱ्या मारल्या. पेटी तिच्या मांडीवर, तो मागे घामाघूम, आणि सान्नी खिडकीतून बघतेय. आठवडा संपल्यावर ती दोघं मला परत द्यायला आली तेव्हा सान्नी म्हणाली की जिच्यावर संसार झालाय ती गाडी मला नको, तुम्हीच न्या. अशी मी आयलाच्या घरी आले.

त्याला आता पन्नासहून जास्त हिवाळे झाले. ओइवा पुढे बोलका झाला असं समजू नका. पण महत्त्वाचं काही सांगायचं असलं की तो मला अंगणात काढतो आणि आयला मुकाट्याने खुर्चीत येऊन बसते. पहिल्या मुलाचं नाव असंच ठरलं. गिरणीतली नोकरी सुटल्याचंही तिला असंच कळलं. उन्हाळ्यातलं काही असलं तर ते पहिला बर्फ पडेपर्यंत थांबतं. आता त्याचे गुडघे गेले, म्हणून तो पुढे बसतो आणि ती लाथ मारते. चेहरा दिसत नाही ना, मग चालतं त्याला.

माझ्या पट्ट्या झिजल्यात. बर्फावरून कुणी घसरू नये म्हणून रस्त्यांवर हल्ली खडी टाकतात, तिने माझे हाल होतात. परवा नात आली होती, गुणी पोर. म्हणाली, आता ही गाडी पांढरी रंगवू, पडवीत ठेवू आणि खुर्चीवर फुलांच्या कुंड्या मांडू, किती छान दिसेल. आयलाही हो म्हणण्याच्या बेतात होती.

ओइवा कॉफी पीत होता. कप खाली ठेवून तो म्हणाला, ‘‘एवढ्यात नको. मला हिला अजून थोडं सांगायचं राहिलंय.’’

तेव्हा बाबांनो, कुंड्यांचं जरा लांबणीवर टाका. या माणसाचं थोडं संपायला किती हिवाळे लागतात, ते मला माहीत आहे.