नव्या चेंडूंचा डबा

आमच्या टेनिस क्लबात नियमांचा फळा लिहायचं काम माझ्याकडे आलं, ते मला टेनिस येतं म्हणून नव्हे. मी औषधांच्या दुकानात काम करते, तेव्हा कोरोनाच्या साथीतलं सगळं मला कळत असणार, असा लोकांचा समज होता. मीही तो मोडला नाही. घरूनच कपडे बदलून या. आपापल्या चेंडूंवर खूण करा. दुसऱ्याचा चेंडू हाताने उचलू नका, रॅकेटने नाहीतर पायाने ढकला. खेळ संपल्यावर हात मिळवू नका. आणि जाळीच्या एका बाजूला दोघं खेळणार असतील, तर ती एकाच घरातली हवीत.

या शेवटच्या नियमाने माझ्या सासऱ्यांची पंचाईत केली. ते आणि त्यांचे मित्र वकील, दोघं जवानीपासून एका बाजूने खेळत आलेले. सासरे डावीकडे, वकील उजवीकडे, आणि मधून येणारा चेंडू कुणाचा यावर दोघांची कायमची हुज्जत. आता एका बाजूला उभं राहायची सोय उरली नाही. माझ्या नवऱ्याचा गुडघा कामातून गेलेला. राहता राहिले मी.

खरं तर सासऱ्यांनी घरातच बसावं, असं मला वाटत होतं. आदल्या वर्षी न्यूमोनियाने त्यांची फुप्फुसं पार खिळखिळी केली होती. हा आजार यांना झाला तर आपल्या हातात फारसं काही राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण सासूबाई गेल्यापासून सासरे खिडकीशी बसून असायचे. ताट पुढे आलं तर जेवायचे, नाही आलं तर मागायचे नाहीत. त्याच डॉक्टरांनी हेही सांगितलं, की यांना मोकळ्या हवेत हिंडूफिरू द्या, नाहीतर असेच संपतील. मग मी नवऱ्याची रॅकेट काढून पुसली.

माझा खेळ म्हणजे सगळा आनंदीआनंद. समोर वकील आणि त्यांच्या पत्नी असायच्या, आणि माझा चेंडू त्या दोघांना सोडून तिसऱ्याच कुणाकडे जायचा. वकील म्हणायचे, ही जोडीदार बरी आहे, निदान वाद तरी घालत नाही. हे साफ खोटं होतं. मास्क वर घ्या, लांब व्हा, तो चेंडू तुमचा नाही, असं मी दोघांवरही सारखी डाफरत असायचे. नवरा म्हणायचा, वडिलांशी जरा नीट बोल. मला नीट बोलायला वेळ नव्हता. सासरे मात्र घरी आले की मागून घेऊन जेवू लागले होते.

टेनिसवाल्यांचं एक वेड बाहेरच्यांना ठाऊक नसतं. नव्या चेंडूंचा डबा उघडला की त्यात आधी नाक घालायचं. झाकण ओढलं की फुस्स होतं आणि रबराचा कोरा वास येतो. त्या संध्याकाळी सासऱ्यांनी डबा उघडला, मास्क खाली ओढला आणि डोळे मिटून वास घेतला. मग आयुष्यभराच्या सवयीने तो जाळीवरून वकिलांपुढे धरला. वकिलांनीही मास्क उतरवला, नाक घातलं आणि मागचा डबा याहून ताजा होता असा निकाल दिला. तो सासऱ्यांना मान्य होईना. मी कुंपणापाशी माझा हुकलेला चेंडू शोधत होते. वळून पाहते तर दोन्ही म्हातारे एकाच डब्यावर डोकी टेकवून हुज्जत घालतायत. हात मिळवू नका हे मी फळ्यावर लिहिलं होतं, डब्यात नाक घालू नका हे लिहायचं मला कसं सुचणार?

दुसऱ्या दिवशी वकिलांच्या पत्नीचा फोन आला. वकिलांना ताप होता आणि तपासणीत तेच निघालं होतं. मी क्लबला कळवलं, कोर्टं बंद झाली आणि सासरे मागच्या खोलीत गेले. त्यांचं ताट मी दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायचे आणि ते उचलेपर्यंत दाराकडे बघून तोंडाचा पट्टा चालू ठेवायचे. एवढे शिकलेले, एवढे शहाणे, आणि अक्कल त्या डब्यात घालून आलात. वकिलांनाही सोडलं नाही.

"त्याला नको बोलूस," ते आतून म्हणाले. "डबा मी पुढे केला. मला बोल."

"तुम्हालाच बोलतेय."

"बोल. ही गेल्यापासून मला कुणी रागावलंच नव्हतं गं. सगळे कसे आजाऱ्याशी बोलल्यासारखे बोलतात."

मी पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले.

मग त्यांना खोकला लागला. तपासणीवाला येऊन नमुना घेऊन गेला. मी इतकी घाबरले होते, की त्या दिवशी स्टुलावर ताट ठेवून हळूच विचारलं, "बाबा, अजून काही हवंय का?"

"गोड का बोलतेयस?" ते म्हणाले. "डॉक्टर काही म्हणाले का?"

नाही, तुम्ही जेवा, असं मी जमेल तेवढं खेकसले. तेव्हा कुठे चमच्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल फोनवर आला. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा, पण श्वासाकडे लक्ष द्या, धाप वाढली की थांबू नका. मी तोंड धुतलं आणि मागच्या खोलीच्या दारापाशी गेले. आवाज चढवून म्हटलं, ओला टॉवेल पलंगावर टाकलाय ना, मला माहितीये, पाणीही प्यायला नसाल, या घरात माझं ऐकायचं नाही असं ठरलंय का.

"निकाल आला वाटतं," ते म्हणाले.

"हो."

"आहे?"

"आहे."

त्यांना खोकल्याची उबळ आली. ती शमल्यावर म्हणाले, "मग थांबलीस का? बोल की."

मी दाराबाहेर खुर्ची ओढून बसले आणि बोलत राहिले. टॉवेलवरून बोलले, डब्यावरून बोलले, मधला चेंडू कधीच माझ्यासाठी सोडला नाही त्यावरूनही बोलले. आवाज रडका व्हायला लागला की जास्त जोरात बोलले. दर वाक्याला आतून 'हो' येत होतं, कधी लगेच, कधी दम घेऊन. ते येत होतं तोवर मी गप्प बसणार नव्हते.